नोंदणी वैद्याची, परीक्षा औषधाची

1 जुलै 2012 रोजी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य-नोंदणीत चार नवे व्यवसाय दाखल झाले: क्ष-किरण व किरणोपचाराचे तंत्रज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आदिवासी व टोरेस स्ट्रेट बेटवासी समाजांचे आरोग्यसेवक आणि चिनी वैद्य. तेव्हापासून सिडनीतला हृदयशल्यचिकित्सक आणि मेलबर्नच्या बॉक्स हिलमध्ये सुया टोचणारा वैद्य यांची नोंद एकाच राष्ट्रीय यंत्रणेकडे होते. मंडळे वेगळी असली तरी कायदा एकच आहे. व्हिक्टोरिया राज्याने हे पाऊल आधीच, 2000 साली, स्वतंत्र कायदा करून उचलले होते. पाश्चात्त्य जगात चिनी वैद्यकाला कायद्याने नोंदणी देणारे ते पहिले राज्य. चिनी आणि आधुनिक वैद्यकातला फरक ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने बीजिंग किंवा लंडनऐवजी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे, असे मला वाटते ते याचसाठी. इथे दोन्ही वैद्यके एकाच कायद्याखाली, एकाच शहरात, पुष्कळदा एकाच रोग्याच्या घरात शेजारी नांदतात, आणि इथल्याच विद्यापीठांनी त्यांना एका मोजपट्टीवर ठेवूनही पाहिले आहे. त्या मोजमापातून हाती आलेली गोष्ट नेहमीच्या वादात सहसा कोणी बोलत नाही. ती अशी की दोन्ही वैद्यकांमधला खरा भेद पूर्व-पश्चिम, निसर्ग-रसायन किंवा समग्र-खंडित असा नाही. आपण चुकलो हे ठरवायची सोय कोणापाशी किती आहे, यात तो भेद आहे.

चिनी वैद्यक ऑस्ट्रेलियात आले ते सोन्याच्या मागोमाग. 1850च्या दशकात व्हिक्टोरियातल्या बॅलरॅट आणि बेंडिगोच्या खाणींवर दक्षिण चीनमधून हजारो माणसे आली आणि त्यांच्याबरोबर वनौषधींचे जाणकारही आले. त्यांच्याकडे गोरे रोगीही जात. त्या काळच्या युरोपीय डॉक्टरापाशी तरी रक्त काढणे, पाऱ्याची औषधे आणि अफू यांपलीकडे फारसे काय होते? 1901च्या स्थलांतरबंदी कायद्याने चिनी वस्ती आटत गेली. 1970 नंतर ते धोरण संपले, व्हिएतनाम, हाँगकाँग आणि चीनमधून नवी माणसे आली आणि चिनी औषधांची दुकाने पुन्हा फुलली. 1990च्या दशकात या व्यवसायाची पाहणी करून 1996 साली सरकारला अहवाल सादर झाला. ॲलन बेन्सूसान आणि स्टीफन मायर्स यांच्या या अहवालाचा भर सिद्धान्तांच्या खरेखोटेपणावर नव्हता. लोक या उपचारांकडे मोठ्या संख्येने जातात, त्यात धोके आहेत आणि ते धोके वैद्याच्या शिक्षणाशी निगडित आहेत, यावर होता. नोंदणीचा उगम या सुरक्षिततेच्या विचारात आहे, हे पुढच्या साऱ्या चर्चेत ध्यानात ठेवायला हवे.

आता भेदाकडे वळू. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी पाहतो, जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थर पाहतो, झोप, भूक, घाम, शौच, मनःस्थिती विचारतो आणि या साऱ्यांतून रोग्याच्या बिघाडाची एक घडण ठरवतो. ‘यकृतात छी (प्राणशक्ती) अडली आहे’, ‘प्लीहेत ओल साचली आहे’ अशी तिची भाषा असते. अर्धशिशीचे तीन रोगी तीन वेगळे काढे घेऊन बाहेर पडतात, आणि अर्धशिशी व पोटदुखी अशा दोन निराळ्या तक्रारींवर कधी एकच काढा मिळतो. वात-पित्त-कफ आणि प्रकृती घरात ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात काही परके वाटणार नाही. आधुनिक वैद्यकाने मात्र गेल्या अडीचशे वर्षांत दुसरी वाट धरली. 1761 साली पादुआच्या मोर्गान्यीने शवविच्छेदनांच्या आधारे रोग विशिष्ट अवयवात शोधायला शिकवले, 1816 साली लेनेकने स्टेथोस्कोप बनवून जिवंत छातीतला बिघाड ऐकण्याची सोय केली आणि कॉखने एकेका रोगामागचा एकेक जंतू दाखवला. एक वैद्यक ‘या माणसात काय बिघडले आहे’ असे विचारते, दुसरे ‘हा बिघाड कुठे आहे आणि कशाने झाला’ असे. प्रश्न निराळे आहेत, हे खरेच. पण निराळ्या प्रश्नांवर दिलेली उत्तरे सारखीच पडताळता येतात की नाही, हा मुद्दा त्याने संपत नाही; तो तिथून सुरू होतो.

या टप्प्यावर पहिला आक्षेप हमखास येतो: हजारो वर्षे टिकलेल्या विद्येला पडताळणी कशाला? काळानेच तिची परीक्षा घेतली आहे! पण आज ऑस्ट्रेलियात नोंदवले जाणारे चिनी वैद्यक या स्वरूपात हजारो वर्षांचे नाही. मूळ ग्रंथ प्राचीन आहेत. पिवळ्या सम्राटाच्या नावावरचा आद्य ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ली शिझेनचा औषधकोश सोळाव्या शतकातला. मात्र त्या ग्रंथांभोवती परस्परांशी भांडणारी अनेक घराणी होती. 1929 साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे जुने वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा देशभरचे वैद्य प्रथमच एकजुटीने उभे राहिले. साम्यवादी राजवटीला पुढे खेड्यापाड्यांत डॉक्टर पुरवायचे होते आणि तिच्याकडे तेवढे डॉक्टर नव्हते. तिने जुन्या वैद्यकाची एकसंध पाठ्यपुस्तके बनवली आणि 1956 साली बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि चंगदू इथे महाविद्यालये काढली. घराण्यांमधली विसंगती त्या पाठ्यपुस्तकांत बरीचशी गाळली गेली. यात कमीपणाचे काही नाही. जिवंत परंपरा निवडत-गाळतच पुढे जाते. पण निवड झाली हे एकदा मान्य केले की ती कशाच्या आधारे झाली हे विचारावे लागते, आणि निव्वळ वयाचा दाखला तिथे अपुरा पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आमचा उपचार माणसागणिक बदलतो; सर्वांना एकच गोळी देऊन सरासरी काढणारी तुमची चाचणी आम्हाला लावणे हाच अन्याय आहे, असे चिनी वैद्य म्हणतो. याचे उत्तर सिडनीतून आले. बेन्सूसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या अस्वस्थतेच्या विकारावर, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवर, केलेली चाचणी 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 116 रोग्यांचे तीन गट केले गेले. एकाला एकच ठरलेला काढा, दुसऱ्याला वैद्याने प्रत्येकाला तपासून बांधलेला काढा आणि तिसऱ्याला चवीने-रूपाने तसेच दिसणारे निष्क्रिय मिश्रण. कोणाला काय मिळते आहे हे रोग्याला ठाऊक नव्हते. वैद्याला हवे तितके वैयक्तिक निदान करायची मोकळीक होती आणि चाचणीही कसून झाली. दोन्ही काढ्यांनी निष्क्रिय मिश्रणापेक्षा स्पष्ट आराम दिला. उपचार चालू असताना वैयक्तिक काढा ठरलेल्या काढ्याच्या पुढे गेला नाही. पण औषध थांबवल्यावर चौदा आठवड्यांनी पाहिले, तेव्हा आराम टिकला होता तो वैयक्तिक काढ्याच्या गटात. एका लहान चाचणीवर इमारत उभारू नये. पण माणसागणिक बदलणाऱ्या उपचाराची परीक्षा घेताच येत नाही, हा दावा तिने कायमचा मोडीत काढला. आणि गंमत अशी की चिनी वैद्यकाच्या बाजूने भक्कमपणे मांडता येईल असा पुरावा त्याच मोजपट्टीने दिला, जिला त्याचे कैवारी परकी म्हणतात.

सुयांच्या बाबतीत त्याच मोजपट्टीने दिलेला कौल कमी सुखावह आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या, जुन्या गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या 282 जणांवर सुया आणि लेझर अ‍ॅक्युपंक्चर वापरून पाहिले. 2014 साली निष्कर्ष आला की बनावट लेझरपेक्षा दोहोंचाही फायदा जास्त नाही. टेस्टट्यूब गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या 848 स्त्रियांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेली चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. खऱ्या सुयांच्या गटात 18.3 टक्के स्त्रियांना मूल झाले, बनावट सुयांच्या गटात 17.8 टक्के. हा फरक असून नसल्यासारखाच. यावर वैद्य म्हणतात, बनावट सुईही त्वचेला टोचते किंवा दाबते, तिचाही शरीरावर परिणाम होतो. मुद्दा खरा आहे. पण तो मान्य केला तर नेमके बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांचा सारा नकाशा अनावश्यक ठरतो. कुठेही टोचले तरी तेवढाच गुण येत असेल, तर गुणाचे श्रेय नकाशाला देता येत नाही. चाचण्यांनी फक्त चिनी बाजूलाच उघडे पाडले असेही नाही. मेलबर्नच्या चार रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत कंबरदुखी, अर्धशिशी किंवा मुरगळलेला घोटा घेऊन आलेल्या 528 जणांना सुया, औषधे किंवा दोन्ही दिली गेली. 2017 साली आलेला निष्कर्ष असा, की सुया मोठ्या प्रमाणावर औषधांच्या तोडीच्या ठरल्या, पण तासाभरानंतर लक्षणीय उतार पडलेले रोगी चाळीस टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे डॉक्टरांची औषधेही फार काही करत नव्हती.

वनस्पती आणि खनिजांच्या बाबतीत चित्र अधिक समृद्ध आहे, कारण तिथे जुन्या नोंदी आणि नवी परीक्षा यांची गाठ पडली की काय होते ते स्पष्ट दिसते. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक मरत होते म्हणून चीनने 1967 साली गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात वाचले, की तापावर चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. त्या कृतीत उकळणे नव्हते. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे हे त्यांनी ताडले, ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आले. 2015 साली त्याला नोबेल मिळाले. हार्बिनमध्ये झांग तिंगदोंग यांनी एका लोकौषधातल्या घटकांची छाननी केली. त्यातले पाऱ्याचे संयुग आणि भेकाचे विष गळाले, सोमल उरला, आणि आज रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर आर्सेनिक ट्रायऑक्साइड जगभर दिले जाते. मग हे चिनी वैद्यकाचे यश म्हणायचे की आधुनिकांनी पळवलेले श्रेय? दोन्ही म्हणणे अपुरे वाटते. निरीक्षण आणि नोंद परंपरेची होती, आणि तिच्याविना शोधाला दिशा मिळाली नसती. पण ईथर निवडताना किंवा पारा वगळताना यिन-यांगचा काही उपयोग झाला नाही. परंपरेतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे सांगण्याचे काम परीक्षेने केले.

परीक्षा टाळली तर काय होते याचे उदाहरण बेल्जियमचे आहे. 1990च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीच्या जागी तिच्याशी मिळतेजुळते नाव असलेली अरिस्टोलोकिया वापरली गेली. शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली; अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. या कुळातल्या वनस्पती चिनी औषधांत शतकानुशतके वापरात होत्या. अनुभवी वैद्यांना हे का दिसले नाही, याचे उत्तर त्यांच्या अडाणीपणात नाही, अनुभवाच्या मर्यादेत आहे. काढा घेऊन लगेच उलटी झाली तर ती वैद्याला कळते. काढ्यानंतर दहा वर्षांनी झालेला कर्करोग कोणा एका वैद्याला कळूच शकत नाही. त्यासाठी हजारो रोग्यांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात. ऑस्ट्रेलियात अरिस्टोलोकियावर बंदी आहे. पण औषधांच्या सरकारी यादीत कमी धोक्याच्या म्हणून ज्या पारंपरिक औषधांची नोंद होते, त्यांची गुणकारिता विक्रीपूर्वी तपासली जात नाही. पंच्याहत्तर वर्षांचा वापर हा पारंपरिक दाव्याचा आधार मानला जातो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅडलेडच्या बाजारातली 26 चिनी औषधे तपासली, तर दहापैकी नऊमध्ये काही ना काही भेसळ किंवा अदलाबदल निघाली. कुठे रक्त पातळ करणारे वारफरिन, कुठे पॅरासिटामॉल, एकात तर हिमबिबट्याचा डीएनए. पंच्याहत्तर वर्षे हा तीन पिढ्यांचा काळ. दहा वर्षांनी उमटणारा अपाय त्यात सात वेळा घडून जाईल आणि तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

इथे तिसरा आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासातून घेता येतो. आधुनिक वैद्यकाचे हात कुठे स्वच्छ आहेत? थॅलिडोमाइड हे काही काढ्याचे नाव नव्हते. हातापायांची वाढ खुंटलेली मुले जन्मली ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीमुळे. पेप्टिक अल्सर मानसिक ताण आणि आम्लामुळे होतो हे डॉक्टर दशकानुदशके शिकवत राहिले. आक्षेप पूर्ण खरा आहे, म्हणूनच पुढे काय झाले ते पाहावे. सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी 1961च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटला एक छोटे पत्र लिहून थॅलिडोमाइडवर बोट ठेवले. त्या हादऱ्यातून 1963 साली ऑस्ट्रेलियात औषधे तपासणारी समिती उभी राहिली. अल्सरमागे जंतू आहे हे पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवले, तेव्हा लोक हसले. मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतले. 2005 साली दोघांना नोबेल मिळाले. आणि मॅकब्राइड? पुढच्या एका औषधाविरुद्ध पुरावा जमवताना त्यांनी सशांवरच्या प्रयोगांचे आकडे फिरवले, हे त्यांच्याच संस्थेतल्या तरुण सहकाऱ्यांनी उघड केले, आणि 1993 साली या नावाजलेल्या डॉक्टरची नोंदणी रद्द झाली. देशाने डोक्यावर घेतलेल्या माणसाचा आकडाही तपासला जातो आणि खोटा निघाला तर त्याला बाहेर काढले जाते. आधुनिक वैद्यक चुकत नाही असा माझा दावा नाही. त्याची चूक बाहेरच्या माणसाला, कनिष्ठाला, विरोधकाला पकडता येते, इतकाच आहे. ही सोय औषधकंपन्यांच्या पैशाने वाकते, उशिरा चालते, कधी दडपलीही जाते. पण ती आहे.

मग नोंदणी कशासाठी, असा चौथा आक्षेप विज्ञानवाद्यांकडून येतो. राज्याने नोंदणी दिली म्हणजे सिद्धान्ताला शिक्का मारला, असे लोक समजणार. 2011 नंतर ऑस्ट्रेलियातल्या अनेक शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन विद्यापीठांमधल्या अशा अभ्यासक्रमांवरही हल्ला चढवला. त्यांची भीती निराधार नाही. 1 एप्रिल 2019 पासून खासगी आरोग्यविम्यातून होमिओपॅथी, निसर्गोपचार, पाश्चात्त्य वनौषधी अशा सोळा उपचारांचा परतावा सरकारने काढून घेतला, तेव्हा अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी वनौषधी त्या यादीत नव्हत्या. सामान्य माणसाने त्यातून काय अर्थ काढावा? तरीही नोंदणी हवीच, असे माझे मत आहे. नोंदणीकृत वैद्याला पदवी लागते, विमा लागतो, निर्जंतुक सुया लागतात, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जागा असते. 2015 साली सिडनीत, अंगावर चापट्या मारून रोग बरे करतो म्हणणाऱ्या एका स्वयंघोषित उपचारकाच्या शिबिरात एका मधुमेही लहानग्याचे इन्सुलिन थांबवले गेले आणि ते मूल दगावले. त्या माणसाला पुढे मनुष्यवधाची शिक्षा झाली. लोक असे उपचार घेणारच आहेत, तर ते देणारा माणूस कायद्याच्या नजरेसमोर असणे बरे. नोंदणी हा वैद्याच्या वागणुकीवरचा अंकुश आहे. त्याच्या औषधाच्या गुणाचा दाखला तो नाही, आणि हे दोन वेगळे ठेवणे ही सरकारची जबाबदारी आहे तशी वाचकाचीही.

आणखी एक न्याय्य गोष्ट मान्य केली पाहिजे. चिनी वैद्याकडे जाणारा रोगी मूर्ख नसतो. तिथे त्याला वेळ मिळतो, झोपेपासून भुकेपर्यंत सारे विचारले जाते, त्याच्या दुखण्याला एक गोष्ट मिळते. घाईतल्या डॉक्टरकडे हे मिळत नाही, आणि जुनाट दुखण्यांत त्याचे मोल मोठे असते. बनावट सुयांनीही बरे वाटते याचा अर्थ ‘सारे थोतांड’ इतकाच लावणे आळशीपणाचे आहे. लक्ष, अपेक्षा आणि स्पर्श यांचा गुण खरा आहे, हाही त्याचा अर्थ आहे. मात्र तो गुण आधुनिक दवाखान्यातही आणता येतो. त्यासाठी प्लीहेतली ओल खरी मानावी लागत नाही.

मराठी वाचकासाठी हा विषय दूरचा नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातले त्यांचे सहकारी बिजॉय कुमार बसू पुढे चीनमधून अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात रुजवले. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला आणि परिषद नेमली. आयुर्वेदाला तर आपल्याकडे पदवी, परिषद, रुग्णालये असा सारा राजमान्य डोलारा आहे, आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या मराठी कुटुंबाला मात्र तिथे आयुर्वेदाच्या वैद्याची अशी राष्ट्रीय नोंदणी नाही हे पाहून आश्चर्य वाटते. त्या आश्चर्यात सहसा मानापमानाचा सूर असतो: चिन्यांना मान, आम्हाला का नाही? पण नोंदणी हा मान नसेल, तर हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते असे, की सिडनीत 116 रोग्यांवर काढ्याची जशी परीक्षा झाली, वैद्याला पूर्ण मोकळीक देऊन आणि निकाल विरुद्ध गेला तरी छापण्याच्या तयारीने, तशा किती परीक्षा आपल्या काढ्यांच्या झाल्या? परिषदा नेमणे आपल्याला चांगले जमते. आपल्याच औषधाला नापास करण्याची मुभा असलेली परीक्षा घेणे अजून जमायचे आहे. ऑस्ट्रेलियाचा अनुभव पुढे मांडायचा तो एवढ्यासाठी, की तिथे ही दोन्ही कामे, अर्धवट का होईना, झाली आहेत. आणि त्यांतले दुसरे काम अशी परीक्षा आपल्या विद्येचा अपमान मानणाऱ्या समाजाच्या हातून होत नाही.